डोकं उचलल्यावर

"डोकं उचलल्यावर दुखणं वाढलं, तर माझी भीती कमी होते."

बऱ्याच वर्षांपूर्वी यवतमाळच्या एका डॉक्टरांनी माझं पोट तपासताना हे म्हटलं होतं. आज सुशीलाताईंसाठी तुम्ही सगळे इथे मुकुटबनला जमलात, मला बोलायला उभं केलंत, आणि तोंडात तेच वाक्य येतंय. नीट बोलता येईल असं वाटत नाही. मी घाबरलेली आहे. सांभाळून घ्या.

ताई माझी मोठी जाऊ. माझं पोट उजवीकडे दुखायचं. सोनोग्राफीत काही निघायचं नाही. बेंबी सरकली म्हणून कितीदा चोळून घेतलं. शेवटी ताईच मला यवतमाळला घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, एका बोटानं दाखवा. मी दाखवलं. त्यांनी तिथेच बोट दाबून धरलं. आता डोकं उचला, म्हणाले. मी कळवळले.

"अवं, वाढलं काय?" ताई घाबरल्या.

डॉक्टर हसले. म्हणाले, डोकं उचललं की पोट कडक होतं, मग आतलं दुखणं झाकलं जातं, वरचं चेपून वाढतं. हिची पोटाच्या भिंतीतली नस अडकली आहे. त्यांनी त्याच जागी सुई दिली. परतताना एसटीत जागा नव्हती, मी उभ्यानं आले.

ही गोष्ट ताईंनी गावभर नेली. कुणी पोट धरलं की, "झोप इथं. उचल डोस्कं. नस असंन, कायले रडून राह्यली?" आपण हसायचो. आठवतं ना?

पण तोंडातोंडी गोष्ट उलटी झाली. दुखणं वाढलेलं चांगलं, हे कुणाला पटेल? वाढलं तर वाईट, कमी झालं तर बरं, असंच सगळ्यांना वाटू लागलं. ताईंनाही.

यंदा त्या वाळत चालल्या होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "मले बी तुह्यावानीच नस हाये. डोस्कं उचललं का कमी होते, पाह्य."

कमी होते. म्हणजे दुखणं आतलं होतं. दुसऱ्याच दिवशी यवतमाळला नेलं. आतड्यात गाठ होती. फार पसरली होती.

मंडळी, मी घाबरले आहे ते मात्र परवापासून. ताईंच्या मागच्या खोलीत गेले, तर आपल्यातलीच एक जण उताणी पडून, डोकं उचलून, स्वतःचं पोट दाबत होती. मला पाहून पदर सावरत उठली. म्हणाली, "काही नाही वं. कमी झालं."

तिचं नाव मी घेणार नाही. ती इथे आहे.

आता ताईंसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. मग खाली बसू. त्यानंतर जिच्या पोटात दुखतं, तिनं उठू नये. बसून राहावं. यवतमाळला न्यायला बाहेर गाडी सांगून ठेवली आहे, मी सोबत येते.

मला माहीत आहे, तुम्ही सगळ्याच उठाल. ती सगळ्यांत आधी उठेल.

तरी, बायांनो, बसा.