फाटकाच्या गजांतून दिलेली गाठी

माझ्या निरोप समारंभाचे आणि आपल्या संस्थेचे अध्यक्ष माननीय भगवंतराव साहेब, संस्थेचे सचिव देवीदासजी, व्यासपीठावरील मान्यवर, माझ्या सहकारी भगिनी आणि वसतिगृहातील मुलींनो,

माझ्या शिस्तीचं फार कौतुक झालं. आभारी आहे. त्या शिस्तीला मुली काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. इथे सांगत नाही.

सचिव मघाशी हळूच म्हणाले, "मॅडम, आज गोडच बोला." बोलते. पाडव्याच्या साखरगाठीबद्दलच बोलते.

आपल्या स्वयंपाकघरातली एक रीत अध्यक्षांच्या वडिलांनी शेतावरून इथे आणली. पाडव्याला रेक्टरने स्वयंपाकाच्या बायांना गाठी द्यायची. दिली की साल लागलं, वर्षभराचं काम पक्कं. कागद नाही, सही नाही. त्या वर्षी पाडवा नेमका लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी आला. रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि फाटकाशी स्वयंपाकाच्या पंचफुलाबाई उभ्या! बडनेऱ्याहून पायी, वाटेत पोलिसाचा दांडका खाऊन.

"अहो, जिवावर उदार झालात का?" मी ओरडले.

"साल लागाचं हाय नं, बाई. गाठी द्या, जातो. बाकीच्यायच्याबी द्या."

फाटक उघडायला मनाई होती. गजांतून सहाजणींच्या गाठ्या दिल्या आणि संस्थेच्या हुकमाप्रमाणे सांगितलं, "निरोप येईपर्यंत घरी थांबा." त्या थांबल्या. वसतिगृह उघडलं तेव्हा शेगडीपाशी ठेकेदाराची माणसं होती.

पंचफुलाबाई मला म्हणाल्या, "घरी बसा म्हन्लं, बसलो. मंग काढलं काहून?"

त्या सहाजणी कामगार न्यायालयात गेल्या.

तिथे संस्था म्हणते, त्या वर्षी गाठी दिलीच नव्हती. म्हणून साल लागलं नाही. म्हणून कोणाला काढलंच नाही. भगवंतराव, रीत तुमच्या घरची. ती तुम्हीच नाकारता? महामारीने माणसं नेली, खरं आहे. या सहा बायांचं काम महामारीने नेलेलं नाही.

देवीदासजी, चिठ्ठी पाठवू नका, संपवतेच.

सोमवारी तिथे माझी साक्ष आहे. "निवृत्तीनंतर कशाला त्या भानगडीत पडता?" असं मला इथल्याच काहींनी प्रेमाने विचारलं. कशाला म्हणजे? गाठ्या मी दिल्या. मग सांगायला दुसरं कोण जाणार?

आपण दिलेली शाल मानाने घेते. न्यायालयात तीच पांघरून जाईन.

शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. आज बोलताना एखादा शब्द कमीजास्त झाला असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. सोमवारी तो होणार नाही.