मागचा ॲक्सल माझ्याच हातचा असल्याबाबत

मी दौलत गणू म्हसकर, वय ५३ वर्षे, धंदा गाड्या बांधणे व दुरुस्ती, रा. शहाड, ता. कल्याण. समक्ष हजर राहून सांगतो की,

वर्तकनगरचे रवींद्र लिमये यांचे दोन्ही पाय चालत नाहीत. त्यांच्या जीपमध्ये व्हीलचेअर चढवायची फळी, हाताने दाबायचा ब्रेक व क्लच आणि खुर्ची अडकवण्याची चौकट मी स्वतः केली. मागचा ॲक्सल भंगारातून निवडला. पिकअपचा होता. दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच कापून जोडला, ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले. मी कोर्स केलेला नाही, पण मापे वहीत आहेत.

ती जीप दि. ०२/०६/२०२५ रोजी चोरीस गेली. तेव्हापासून रवींद्र घराबाहेर पडलेले नाहीत, असे त्यांच्या पत्नी हेमाताई सांगतात.

आज दुपारी ३.१० वाजता पोलिसांनी मला ठाकुर्ली येथे सर्वेश गायकर यांच्या शेडमध्ये नेले. गायकर जुन्या जीप सजवून विकतात. तिथल्या एका जीपखाली ॲक्सल होता, नंबर घासलेला. रवींद्र यांच्या बाकी गाडीचा पत्ता नाही. मी दोन्ही चाके एकत्र दहा वेळा फिरवली, इंजिनाकडून येणारा शाफ्ट एक्केचाळीस वेळा फिरला. माझ्या वहीत तेच आहे. रुंदीही जुळली.

गायकर हसून म्हणाले, "अहो मिस्त्री, असे शंभर निघतात. कापायचं काय, कोणीही कापतो."

ते बरोबर होते. म्हणून मी पोलीस साहेबांना सांगितले, पाट म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या सोडवा, ॲक्सलवर पाट ज्यावर बसतात त्या बैठका बघायच्या आहेत. कारण सांगावे लागले. बैठका मी आधी चुकीच्या जोडल्या होत्या. गाडी जॅकवर, पाट लोंबकळत असताना बैठकांचा कोन घेतला. गाडी चाकांवर, भार पडलेला असताना घ्यायला हवा होता. चालवल्यावर शाफ्ट थरथरला. मी बैठका कापल्या, फिरवून पुन्हा जोडल्या. हे रवींद्रना सांगितले नव्हते. कोणालाच नव्हते.

हवालदार मोठा पाना आणायला गेले, साहेब फोनवर होते. पाना येईपर्यंत बारा मिनिटे लागली.

पाट सोडवल्यावर पाहिले, दोन्ही बैठकांच्या पुढे, बोटभर अंतरावर, पहिल्या वेल्डिंगच्या कापलेल्या रेघा आहेत. डावीकडची रेघ वाकडी आहे. ती माझी आहे. सदर ॲक्सल रवींद्र लिमये यांच्याच गाडीचा आहे.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे, फक्त बारा मिनिटांचे राहिले म्हणून सही करण्याआधी खाली वाढवण्यास सांगितले:

त्या वेळात गायकर माझ्याजवळ येऊन बसले. "मिस्त्री, स्वतःच्या तोंडाने स्वतःची चूक सांगणार? उद्या शहाडात कोण गाडी देईल तुम्हाला? माझ्या हातचा नाही, एवढंच बोला." मी नाही म्हणालो. देऊ केलेली रक्कम रुपये दोन लाख चाळीस हजार.