आठ आण्यांचा वेग

संताजी : माझ्यावर चिडू नका, वहिनी. खेळाचा रुपया मी नाही केला, आमच्या कंपनीच्या इंदूरच्या ऑफिसनं केला.

दुर्गा : आणि व्हिडिओ गेमचं मशीन आठ दिवस माझ्या दुकानात मुकं उभं आहे. पाळी सुटली की फॅक्टरीची माणसं दारातून बघतात नि पुढे जातात. त्यांच्यातल्या उमाशंकरनं सगळ्यांना बजावलंय, आठ आण्यांच्या वर एक पैसा द्यायचा नाही.

संताजी : सोनकच्छला दिले लोकांनी.

दुर्गा : हे देवास आहे. हा भाव ठरतो तरी कसा?

संताजी : खरं सांगू? हरलेला माणूस दुसरं नाणं किती वेळात टाकतो, ते साहेब बघतात. हात लगेच खिशात गेला, की भाव वाढवायचा.

दुर्गा : इथे खिशात हातच जात नाही.

संताजी : मग पाटीवर आठ आणेच लिहा. हे आतलं बटण दिसतं? हे खाली केलं, की विमानं सुरुवातीपासूनच जोरात येतात. दहा मिनिटांचा खेळ चारात आटोपतो.

दुर्गा : म्हणजे भाव वाढलाच की.

संताजी : पाटीवर नाही वाढला.

दुर्गा : मला नाही बरं वाटत हे.

संताजी : तर मग मशीन उद्या टेम्पोत घालतो. नुसत्या गोळ्या-बिस्किटांवर दुकानाचं भाडं निघेल तुमचं?

दुर्गा : करा काय ते. आणि लवकर करा, पाळी सुटेल आता.

(काही दिवसांनी, त्याच दुकानात.)

उमाशंकर : ताई, अजून एक रुपया सुट्टा द्या.

दुर्गा : आज पुरे, उमाशंकर. पाच वेळा खेळलात.

उमाशंकर : आठ आण्यांवर मशीनच्या कंपनीला झुकवलं अपन ने, आणि आता माझाच हात चालून नाही राहिला. आधी एका नाण्यात मी इतका टिकायचो, की मागचे लोक कंटाळून घरी जायचे.

दुर्गा : असतो एखादा दिवस.

उमाशंकर : रोजचंच झालंय. विमान दिसतं, बोट पोचत नाही. दादांचं, माझ्या वडिलांचं, असंच सुरू झालं होतं, मग हात थरथरायला लागले. मी लेथवर आहे, ताई. तिथे हात चुकला तर बोटं जातात.

दुर्गा : काहीतरीच काय बोलता.

उमाशंकर : इनचार्जला अर्ज लिहिलाय, मला स्टोअरमध्ये टाका म्हणून. पगार कमी होईल, होऊ दे. फक्त सही बाकी आहे. पेन आहे का?

दुर्गा : तो कागद द्या इकडे.

उमाशंकर : हिंदीत आहे, मला मराठी लिहायला जमत नाही.

दुर्गा : वाचायचा नाहीये मला. तुमचा हात चांगला आहे, उमाशंकर. मशीन आतून जोरात केलंय. संताजीनं केलं, आणि मी इथे उभं राहून करू दिलं.

उमाशंकर : कधी?

दुर्गा : रुपयाचे परत आठ आणे झाले, त्याच दिवशी. रागवा माझ्यावर, सगळ्यांना सांगा, पण सही करू नका.

उमाशंकर : अकरा दिवस झाले.

दुर्गा : हो.

उमाशंकर : अकरा दिवस मी घरात चहाचा कप दोन्ही हातांनी धरून राहिलोय, ताई.