एकसष्ट टक्क्यांवर कोण थांबतं?

हो हो, एकसष्ट! गाडी चार्जिंगला लावली तेव्हा एकसष्ट टक्के होती, आता अडुसष्ट झाली, दिसतंय मला, डोळे शाबूत आहेत माझे! आणि ताई, तुमच्या टॅक्सीत नऊच टक्के उरलेत तेही ऐकलं, इथल्या सगळ्यांनीच ऐकलं... पण म्हणून भर रांगेत एकदम 'काका, एकसष्ट टक्क्यांवर कोण थांबतं हो?' असं विचारायचं? आणि कुणाला? मला? अहो, मी रस्त्यात थांबणारा माणूसच नाही!

हसू नका. ओ टोपीवाले, तुम्ही तर अजिबात हसू नका, तुमची गाडी मघाशी शेवटच्या वळणापासून ढकलत आणलीत, बघितलंय मी. लहान बॅटरी ना? वाटलंच! माझी मोठी आहे. मोठी! त्या मागच्या बिल्ल्यावर लिहिलंय बघा. कंपनीने अगदी कोपऱ्यात लावला होता, मीच सांगून मधोमध लावून घेतला, म्हणजे मागच्याला कळायला नको, आपण कुणाच्या मागे आहोत ते?

पाच मिनिटं द्या ताई, सगळं सांगतो. तेवढ्यात दोन टक्के वाढतील. माझे.

तुम्हाला सांगतो, उभी हयात ॲम्ब्युलन्स चालवली मी. मागे पेशंट, पुढे रस्ता, डोक्यावर सायरन, आणि स्टिअरिंगवर मी! चहा नाही, पाणी नाही, पाय मोकळे करणं नाही, गाडी निघाली ती दवाखान्याच्या दारात. एकदा एक आजोबा वाटेत शुद्धीवर आले आणि नर्सबाईंना म्हणाले, 'त्यांना जरा हळू चालवायला सांगा हो, भीती वाटते.' नर्सबाई म्हणाल्या, 'आजोबा, भीती वाटतेय ना? म्हणजे शुद्धीत आहात. पडून राहा!' अशी ख्याती! नॉनस्टॉप म्हणायचे मला. मोठमोठे डॉक्टर विचारायचे, 'आज ड्युटीवर नॉनस्टॉप आहे ना? मग पाठवा.' कितीतरी माणसं आज चालती-फिरती आहेत, ती मी कुठे थांबलो नाही म्हणून! आहे की नाही अभिमानाची गोष्ट? आहेच! लपवायची कशाला?

आता असा माणूस रिटायर झाला, त्याने विजेवरची गाडी घ्यायची ठरवली, तर बॅटरी कुठली घेईल? शेंबडं पोरही सांगेल! पण नाही. शोरूममधला तो टायवाला मला विचारतो, 'सर, गाडी दिवसाला कितीशी फिरेल?' मी म्हटलं, 'भाजी, औषधं आणि आमच्या हिचा दाताचा डॉक्टर.' तर म्हणतो, 'मग लहान बॅटरी भरपूर झाली सर. आठवड्यातून एकदा चार्ज केली की बास.' आता मला सांगा, विकणारा आपणहून लहान वस्तू घ्या म्हणायला लागला, की संशय येतो की नाही? मी विचारलं, 'आणि लेकीकडे जायचं झालं तर? पावणेतीनशे किलोमीटर आहे.' तो म्हणाला, 'कागदावर तीनशे जाते सर.' म्हटलं, 'आणि रस्त्यावर?' तर जरा घुटमळला... म्हणाला, 'रस्त्यावरचं ते... तुमच्या उजव्या पायावर आहे.' म्हटलं, 'माझा उजवा पाय ॲम्ब्युलन्सवर तयार झालाय!' त्यावर टाय सैल करत म्हणतो कसा, 'मग सर, मधे एकदा थांबावं लागेल. अर्धा-पाऊण तास.'

थांबावं लागेल! मला! अहो, मी रस्त्यात थांबणारा माणूस आहे का?

आणि इथेच घोळ झाला. ही तोपर्यंत सीटच्या रंगांचं कार्ड बघण्यात गुंग होती. शाळेत चित्रकला शिकवायची ना, रंग दिसले की हिचे कान बंद. पण 'थांबावं लागेल' म्हटल्याबरोबर मान वर! टायवाल्याला विचारते, 'म्हणजे सक्तीने?' तो बिचारा ओशाळला, 'हो मॅडम, नाइलाज आहे.' 'आणि मोठी घेतली तर?' 'मोठीला थांबायची गरजच नाही मॅडम, दारातून निघायचं ते थेट दारात!' त्याला वाटलं, मॅडम खूश होणार. ही म्हणाली, 'लहान द्या.'

पडद्याला दोन पांढऱ्या कापडांतलं कुठलं घ्यायचं, ह्यावर महिना घालवलेली बाई! अख्खी गाडी एका दमात ठरवून मोकळी!

मला वाटलं, पैशाचा विचार करत असेल. तेवढ्यात हिने लेकीला फोन लावला, म्हणजे दोघी एका बाजूला आणि मी एकटा. लेक म्हणते, 'बाबा, दोघांच्या भाताला कशाला हवंय एवढं पातेलं? मोठी बॅटरी म्हणजे रोज उगाच ओझं वाहायचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत.' म्हटलं, 'आपले पाय लांब आहेत हे माहीत असेल तर अंथरूणच मोठं घ्यावं की!' टायवाला हसला. मला तेवढंच पुरे होतं.

मग ही माझ्याकडे वळली आणि, तुम्हाला सांगतो, ज्या आवाजात वर्गाला गप्प करायची त्या आवाजात म्हणाली, 'लग्न झाल्यापासून तुमच्या शेजारी बसून प्रवास करतेय. दिसलं काही की ते मागे गेलेलं असतं. मी पेशंट नाहीये.'

भर शोरूममध्ये! त्या टायवाल्यासमोर!

आता ह्याच तळ्याचं घ्या. हे मागे दिसतंय ना, हेच. प्रत्येक खेपेला ही म्हणायची, 'अहो, ते बघा केवढं पाणी! पक्षी बघा! जरा...' आणि मी म्हणायचो, 'परत येताना बघू.' नाही कधीच म्हटलं नाही हं! परत येताना बघू! आता परत येताना तळं रस्त्याच्या पलीकडे जातं, मधे हा एवढा दुभाजक, वळायला पुढे कुठवर जावं लागतं, ह्यात माझी काय चूक? तळं मी हलवलं का? सुखरूप नेलं, वेळेत पोचवलं, एवढं करून वर ऐकून घ्यायचं!

मी घेतली मोठी. घेतलीच! ही म्हणाली, 'घ्या. चालवणार तुम्ही.' बस्स, एवढंच. ज्याचं लग्न झालंय त्याला कळेल, 'घ्या' म्हणजे काय ते. टोपीवाले, तुम्हाला कळलेलं दिसतंय.

आणि पहिल्या खेपेला काय गेली गाडी! वा! आवाज नाही, धूर नाही, चढावर नुसता पाय टेकवला की लोण्यातून सुरी! आमच्या दारातून निघालो तो थेट लेकीच्या दारात, आणि बॅटरी? सव्वीस टक्के शिल्लक! सव्वीस! मी छाती काढून उतरलो. म्हटलं, आता लेक येईल, जावई येतील, विचारतील, 'बाबा, कुठे थांबलात?' आणि मी म्हणणार, 'थांबायचं कशाला?' वाक्य तयार करून ठेवलं होतं हो! पण ही दार उघडून जी सुटली ती तडक बाथरूममध्ये. जावई सज्जन माणूस, ही बाहेर आल्यावर अदबीने विचारतात, 'आई, प्रवास कसा झाला?' ही म्हणाली, 'झाला.'

'वाटेत काही बघितलंत?'

'हो. एका ट्रकची पाठ.'

आणि सगळे हसले! सव्वीस टक्क्यांचं कुणी नावच काढेना! जेवताना मीच दोनदा विषय काढला, 'म्हटलं, सव्वीस उरलेत बरं का.' लेक म्हणाली, 'हो बाबा, भाजी वाढू?' आता सांगा! एवढी मोठी बॅटरी, एवढा मोठा पराक्रम, आणि बघायला कोण? तर मी आणि तो आकडा.

थांबा ताई, आलो, आलो मुद्द्यावर. किती झाली तुमची? आठ? उभ्या गाडीत एसी कशाला चालू ठेवता मग?

तर आजची गोष्ट. सकाळी निघालो, गाडी मस्त पळतेय, माझा हात हलका, गाणी लावलेली... आणि हे तळं आलं. लांबूनच चमकायला लागलं. मी आपला तयारीत, आता ही म्हणणार 'अहो, ते बघा', आणि आपण म्हणणार 'परत येताना बघू'. जीभ अगदी टाळ्याला लावून बसलो होतो. पण ही काही बोललीच नाही! मी तिरक्या नजरेने बघितलं, तर ही पर्सच्या चेनकडे बघत बसलेली. चेन उघडते, लावते. उघडते, लावते. पाणी डाव्या हाताला एवढं झळझळतंय, आणि हिने मानसुद्धा वळवली नाही.

तुम्हाला म्हणून सांगतो, ॲम्ब्युलन्सवर मी एक गोष्ट शिकलो. मागचा माणूस ओरडतोय ना, चिंता नाही. शिव्या देतोय? उत्तम! पण ओरडणारा एकदम गप्प झाला, की समजायचं, धोका! मग सायरन नाही, रस्ता नाही, काही सुचत नाही.

खोटं कशाला बोलू, घाबरलो मी. हात आपोआप इंडिकेटरवर गेला.

ही दचकली! 'काय झालं? गाडी बिघडली?' आता मी काय सांगणार? तुझ्यासाठी थांबतोय म्हणून? नॉनस्टॉपने? नावाला काही किंमत आहे की नाही? तेवढ्यात हे तुमचं चार्जिंगचं मशीन दिसलं, देवासारखं उभं! म्हटलं, 'चार्ज करावी लागेल.' हिने गाडीतल्या पडद्याकडे बघितलं. तो आकडा केवढा असतो माहितीय ना? तळहाताएवढा! एकसष्ट! हिने आकडा बघितला, मग मला बघितलं, मग परत आकडा बघितला आणि म्हणाली, 'हो का? मग करायलाच हवी.'

गाडी लावली, तर हिने सीटखालून पिशवी ओढली आणि पिशवीतून काढले बूट! चालायचे बूट! मी म्हटलं, 'हे कधी आणलेस?' म्हणाली, 'नेहमीच असतात.' नेहमीच! म्हणजे प्रत्येक खेपेला ते बूट आमच्याबरोबर आले, लेकीच्या घरापर्यंत गेले, परत आले... तळवे बघितले मी, कोरे करकरीत! मातीचा कण नाही! लेस बांधल्या आणि गेली हो. चालत कसली, जवळजवळ पळतच!

ती बघा ना, तिकडे, काठावरच्या बाकावर. कुठल्यातरी पाठकोऱ्या कागदावर चित्र काढतेय. किती मुलांना डोंगर शिकवला हिने, नदी शिकवली, झाडाची सावली कुठल्या बाजूला पडते ते शिकवलं! आणि हात बघा, इथूनसुद्धा कळतो. एक रेघ मारली की पुन्हा खोडायचं नाव नाही. कुणाची बायको आहे! आता ती उठेपर्यंत मी वायर काढू? तुम्ही काढली असतीत?

...बरं बरं, रडवेल्या होऊ नका ताई. सात झाले का? तुमचं विमानतळाचं भाडं चुकायला नको, माझ्या आयुष्यात माझ्यामुळे कुणाला उशीर झालेला नाही, आज होऊ देणार नाही. आणा गाडी पुढे. ही काढली वायर. लावा तुम्हाला. माझी काय, मोठी आहे, इथून जाऊन परत आली असती अशीच. मी राहतो उभा इथे बाजूला. हो, नुसताच. बघता काय असे? वायर न लावता माणूस उभा राहू शकत नाही?

श्श्... फोन. हिचाच आहे. गप्प बसा सगळे. ताई, तुमचं ते मशीन फार गुरगुरतंय, पुढ्यात उभ्या राहा जरा...

हां, बोल गं! ...नाही, नाही, कुठे झाली! चालूच आहे. अगं मोठी बॅटरी आहे ना, वेळ लागणारच! लहान असती तर एव्हाना झाली असती... तू बस निवांत... काय? ...हो. ...हो. ...बरं.

ठेवला.

काय म्हणाली? म्हणाली, 'वायर त्या टॅक्सीला लावलेली दिसतेय मला इथून. नाटक पुरे करा आणि दोन चहा घेऊन इकडे या.'

चहा कुठे मिळतो हो इथे? तुम्हीच सांगा आता... जन्म गेला ह्या रस्त्यावर, पण थांबलोय कधी मी?