काकूंच्या झिम्म्याला यंत्राने दिलेला शेरा

सन्माननीय अध्यक्ष आबासाहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले आजचे प्रमुख पाहुणे विजयकुमारजी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले श्यामकाका आणि आसावरीकाकू, दुखानहून एवढ्या लांब गाडी हाकत आलेली कुटुंबं, इंडस्ट्रियल एरियातून कंपनीच्या बसवाल्याची मिनतवारी करून आलेले आपले बांधव, आणि मागच्या रांगेत कानात हेडफोन घालून बसलेली आपली भावी पिढी, सर्वांना माझा नमस्कार.

मी विभावरी. इथे आखातात एका तेल कंपनीत मोजमापाची यंत्रं सांभाळते. दाब किती, तापमान किती, प्रवाह किती, हे सांगणारी यंत्रं खोटं बोलायला लागली की त्यांना वठणीवर आणायचं, एवढंच माझं काम. सूत्रसंचालकांनी आत्ता माझा विषय जाहीर केला, ‘गेमिंग कन्सोल आणि मोशन कंट्रोल : नवकल्पनांचं भविष्य’. निरोप समारंभात हे कुठलं भविष्य, असा प्रश्न पाहुण्यांना नक्की पडला असेल. हर्षल, माझ्या स्लाइड्स लावू नकोस. त्या आज लागणार नाहीत.

पाहुण्यांसाठी थोडं मागून सांगते. श्यामकाका निवृत्त झाले. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की कितीही वर्षं राहिलेलं घर आवरावं लागतं. म्हणून दोघं या आठवड्यात पुण्याला परत चालले आहेत. श्यामकाकांच्या कामाबद्दल आबासाहेब सविस्तर बोलले. पण या सभागृहातल्या बायकांना विचाराल तर त्या सांगतील, की जाताहेत त्या काकू.

काकूंनी आम्हाला मंगळागौरीचे खेळ शिकवले. श्रावणातला मंगळवार इथे कामाचा, म्हणून आमची मंगळागौर पहिल्यापासून शुक्रवारीच येते. गौरीने कधी तक्रार केली नाही. काकूंच्या अल हिलालच्या फ्लॅटमध्ये सोफे भिंतीला लागायचे, एसी फुल व्हायचा आणि आम्ही झिम्मा खेळायचो. खालच्या मजल्यावर ताहेरुन्निसाबाजी राहतात. हैदराबादच्या. पहिल्या वर्षी त्या छत दणाणतंय म्हणून भांडायलाच वर आल्या होत्या. काकूंनी त्यांच्या हातावर करंजी ठेवली आणि हाताला धरून रिंगणात ओढलं. पुढच्या वर्षीपासून दारात पहिली चप्पल बाजींची. बघा, त्या हसताहेत!

मीही तशीच आले. नाशिकहून, नवी नवरी, हातात इंजिनियरिंगची पदवी आणि नोकरीचा पत्ता नाही. डावा हात कधी द्यायचा, उजवा कधी, काही उमजायचं नाही. पण महिन्याभरात मला झिम्मा यायला लागला. किती पटकन शिकले मी! निदान आज दुपारपर्यंत माझी तशी समजूत होती.

तर, हा मोशन कंट्रोलचा प्रकार काय? पूर्वी मुलं अंगठे झिजवून गेम खेळायची. मग हातात धरून हलवायच्या कांड्या आल्या, मग अंगाची हालचाल बघणारे कॅमेरे आले, आता डोक्याला चष्मे बांधतात. आपल्याला इथे हे सोयीचंच आहे. जुलैत मुलांना बाहेर सोडण्याची सोय नाही, म्हणून ती हॉलमध्ये टीव्हीसमोर उभी राहून टेनिस खेळतात आणि दिव्यांच्या काचा फोडतात. त्यावरून मला कल्पना सुचली. हो, माझीच. काकू जाणार, तर काकूंचा झिम्मा कन्सोलमध्ये ठेवून घेऊ. मनगटाला सेन्सरचे पट्टे बांधायचे, पडद्यावर नऊवारीतल्या बायकांचं रिंगण दिसणार, आणि आपली टाळी काकूंच्या नोंदलेल्या टाळीशी जुळली की नाही ते यंत्र सांगणार. तेही मराठीत! ‘छान’, ‘वा’ आणि ‘उशीर’. हर्षल गेम बनवण्याच्याच धंद्यात आहे, त्याने रात्रंदिवस राबून ते उभं केलं. त्याचं लोकार्पण आज विजयकुमारजींच्या हस्ते व्हायचं आहे, आणि पहिला डाव खुद्द काकू खेळून दाखवणार आहेत. त्या बसल्या आहेत बघा, नऊवारी नेसून, मनगटाला पट्टे बांधून.

या गेमसाठी काकू कित्येक शुक्रवार हर्षलच्या घरी आल्या. खांदा दुखतो त्यांचा. तरी रिकाम्या भिंतीसमोर एकट्या उभ्या राहून त्या झिम्मा खेळल्या, आम्ही म्हणू तितक्या वेळा. समोर टाळी द्यायला कुणी नाही, गाणं मोबाइलवर. आणि खेळून झालं की आमच्यासाठी चहा टाकायला त्याच उठायच्या.

त्यांच्या हालचालींचा आलेख काढला तेव्हा हर्षलला एक गोष्ट खटकली. प्रत्येक टाळीआधी काकूंचा हात वर जायचा, हवेत जरासा थांबायचा, आणि मग टाळी. त्याने मला विचारलं, “ताई, हे थांबणं ठेवायचं का काढायचं?”

मी म्हटलं, “अरे, सेन्सरचा लॅग आहे तो, यंत्र मागे पडतंय. रोज बघते मी असले लॅग. काढून टाक, खलास.”

हर्षलने काढून टाकला. त्याचा काही दोष नाही, हे मी मुद्दाम माइकवरून सांगते. मोजमापात जे सरळ दिसत नाही त्याला बिघाड म्हणायची सवय माझी. यंत्रावर शंका घेण्याआधी पाइपमध्ये काय चाललंय ते बघून ये, असं मी हाताखालच्या मुलांना ओरडून सांगते. इथे तर पाइप नव्हता, माणूस होतं, आणि ते दहा पावलांवर आमच्या चहासाठी आलं किसत होतं. मला उठून विचारावंसं वाटलं नाही.

आज दुपारी इथे तालीम झाली. काकूंनी पट्टे बांधले, गाणं लागलं, आणि पडद्यावर आलं ‘उशीर’. पुढच्या टाळीला पुन्हा ‘उशीर’. त्याच्या पुढच्या टाळीलाही तेच. एवढ्या मोठ्या पडद्यावर, लाल अक्षरांत. माझी गार्गी शेजारी उभी होती. ती म्हणाली, “आजी, यू आर लेट अगेन!” पोरं हसली. मीही हसले. खोटं कशाला सांगू?

काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “माझं काय चुकतंय गं, विभा?”

मी त्यांना काय सांगावं? ज्या बाईने मला हात धरून शिकवलं, तिला मी म्हटलं, “काही नाही काकू, थोडं लवकर द्या टाळी.”

त्या कोपऱ्यात गेल्या आणि एकट्याच सराव करत बसल्या. थांबणारा हात न थांबवण्याचा सराव. आल्या, पुन्हा खेळल्या, आणि यंत्र म्हणालं, ‘छान’. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू घाम पुसत म्हणाल्या, “जमलं बाई एकदाचं. तुमच्या कार्यक्रमाचा विचका नको व्हायला.” आणि मग, पट्टे सोडता सोडता, “पुण्याला गेल्यावर आता मी खेळायला उतरणार नाही. बाजूला बसून बघेन. हात नाही राहिला माझा.”

तेव्हा मागून ताहेरुन्निसाबाजी मोठ्याने बोलल्या. त्या रागावलेल्या होत्या. “लेट कौन बोला इनकू? इनो लेट नइं हैं, इनो रुकते! मेरे वास्ते रुकते थे. मेरेकू झिम्मा आताच नइं था ना, तो इनो हाथ ऐसा पकड के रखते थे ऊपर.”

आणि मंडळी, मला काकूंच्या फ्लॅटमधला तो हात आठवला. हवेत थांबलेला. माझा चुकलेला, भांबावलेला हात तिथे पोचेपर्यंत थांबलेला. मी शिकले नव्हते. मी पोचेपर्यंत त्या थांबत होत्या, आणि टाळी वाजली की सगळ्या बायकांना वाटायचं, विभावरीला येतंय. इतकी वर्षं त्यांनी प्रत्येक नव्या मुलीसाठी हेच केलं. मग ते अंगातच मुरलं. रिकाम्या भिंतीसमोरही त्या थांबल्या, न आलेल्या कुणासाठी तरी. तेवढंच नेमकं मी काढून टाकलं, आणि उरलेल्याला काकूंचा झिम्मा असं नाव दिलं.

मला लाज वाटते. फार वाटते. साधी चूक झाली असती तर दुरुस्त करून गप्प बसले असते. पण ज्यांच्या सन्मानासाठी यंत्र केलं, त्यांचंच त्या यंत्राने हसं केलं, आणि त्या बिचाऱ्या आमची शोभा राखायला आपला हात बदलून आल्या. मी दुपारी त्यांना जाऊन हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “छे गं, माझं मन राखू नकोस. मशीन कशाला खोटं बोलेल?” आणि साडी नेसायला गेल्या. चार भिंतींत सांगून त्यांना पटेना, म्हणून इथे उभं राहून सांगते आहे.

आता विषयाकडे येते, नाहीतर आबासाहेब घड्याळ दाखवतील. मोशन कंट्रोलचं भविष्य काय? सेन्सर बारीक होतील, हात काय, बोटांची नखंसुद्धा ओळखतील. यात मला शंका नाही. पण आजची सगळी यंत्रं एकच ओळखतात, माणूस बरोबर की चूक. चुकणाऱ्यासाठी समोरचा थांबला तर ती काय समजतात? उशीर. मला विचाराल तर पुढचा शोध तिथे लागायला हवा. तो मी लावीन अशी बढाई मात्र मारणार नाही. आज तर नाहीच नाही.

तेव्हा अध्यक्षांची परवानगी न घेता जाहीर करते, आज लोकार्पण होणार नाही. विजयकुमारजी, आपल्याला बटण दाबायला बोलावलं आणि बटणच काढून घेतलं, मोठ्या मनाने सांभाळून घ्या. हर्षलकडे मूळ नोंदी आहेत. तो काकूंचं थांबणं परत जागेवर ठेवील, आणि त्या ‘उशीर’ शब्दाचं काय करायचं ते आम्ही ठरवू. काकूंना मात्र पुन्हा एकदाही उभं करणार नाही. त्यांनी दिलं होतं ते पुरेसं होतं.

काकू, नका मान हलवू. पट्टे सोडा ते. गार्गी, आजींना मदत कर.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, स्वयंपाकघरातल्या मंडळींनी माझ्यापायी मसालेभात गार होऊ दिला, सर्वांची मी ऋणी आहे. भाषण संपवताना काही चुकलं असेल तर माफ करा, असं म्हणायची आपल्यात पद्धत आहे. मीही दरवर्षी म्हणते, कुठली चूक ते न सांगता. आज सांगून माफी मागते, आणि सभेची नंतर, आधी एकाच माणसाची.

काकू, पुण्याला गेलात की खेळायला उतरा. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. उशीर आमचा व्हायचा. तुम्ही तो कधी कुणाला दिसू दिला नाहीत.