घरातून गेलेली हद्द

…नाही, तुम्हीच सांगा, स्वतःच्या बायकोला मत द्यायचं तर नवऱ्याने आता घर बदलायचं का? बायको माझी दवाखान्यात नर्स, मी शिंपी. आमच्या भाषेची माणसं सगळी आमच्याच गल्लीत, आणि आमच्यातलं कोणी आजवर विधानसभेची पायरी चढलेलं नाही, म्हणून गल्लीने हिला उभं केलं. गल्ली एक झाली, तर वरून नवा नकाशा आला आणि मतदारसंघाची हद्द गेली कुठून? आमच्या घरातून! निवडणुकीचे साहेब दारात, "झोपता कुठे?" म्हटलं, मी पुढे मशीनशेजारी, आई आणि ही मागच्या खोलीत. "मग तुम्ही या मतदारसंघात, त्या दोघी पलीकडच्या." अहो, आमच्यात भांडण नाही हो… पण नियमात बसतं म्हणे.

हिच्याविरुद्ध उभा कंत्राटदार. चौकाचौकात त्याचा चेहरा, एवढा मोठा की दात मोजून घ्यावेत. विचारलं, साहेब, खर्चाला मर्यादा असते ना? तर म्हणाले, "तो त्यांचा खर्च नाही, त्यांच्या मित्रांनी प्रेमाने केलाय." आणि आमच्याकडे? हिने आल्यागेल्याला चहा दिला तर तेच साहेब कप मोजत बसले. म्हटलं, आम्हीही प्रेमानेच दिलाय. ते मात्र नियमात बसत नाही म्हणे.

मतदानाच्या दिवशी कळलं, कोपऱ्यावरच्या शाळेतलं केंद्र उचलून महामार्गापलीकडे नेलंय, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. कितीतरी म्हातारी माणसं जिना बघून परत फिरली. आई मात्र, जिचे गुडघे वाजले की शेजारी दार उघडून बघतात, ती म्हणाली, "सुनेला मत द्यायचंय, बाजूला हो." पायरीपायरीवर बसत, कण्हत, मला शिव्या घालत चढली. आणि मला दारातच अडवलं, "तुम्ही इथले नाही." अहो, उमेदवार माझी बायको, मतदार माझी आई, मग मी नेमका कुठला? नियमात बसतं म्हणे!

बायको पडली. थोडक्यात पडली… जिन्यावरून परतलेली माणसं वर गेली असती, तर निवडून आली असती. संध्याकाळी ही सकाळच्या पाळीसाठी गणवेशाला इस्त्री करत होती, मधेच इस्त्री उभी ठेवली आणि रडायला लागली. आई गुडघ्याला तेल चोळत म्हणाली, "रडतेस काय, पुन्हा उभी राहा." मग हळूच मला, "पुढच्या वेळी केंद्र तळमजल्यावर ठेवतील ना रे?"

म्हटलं, "ठेवतील, आई."

काय करता… सबंध निवडणुकीत आमच्या घरातून खोटं आश्वासन गेलं ते एवढं एकच.