वरचा टप्पा

शिवणकाम करणाऱ्या मावशी दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसल्या होत्या. कान मात्र शेजारच्या नवराबायकोकडे होते.

"सुपरवायझरची जागा मी नको म्हणालो."

"अहो, का?"

"पगार वाढला की कराचा टप्पाही वरचा लागतो. मग हातात आत्तापेक्षा कमीच पडतात."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या भावानं."

"पण जास्तीचा कर नुसत्या वरच्या पैशांवर लागतो ना? मग कमी कसे पडतील?"

"असं असतं?"

"मला तरी असंच वाटतंय. आता तुम्ही मलाही गोंधळात पाडलंत. जागा मिळाली कुणाला?"

"त्यालाच."

"मग त्याला नाही का कमी पडणार?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, 'दाजी, तुमच्यासाठी मी सोसेन.'"

"आणि तुम्ही?"

"मी आभार मानले."